सर्व्हर परिचालन प्रणाली : प्रशासन व संचिकांचा सामायिक वापर

अनेक व्यक्तींच्या संचिका, म्हणजेच फाईली, ज्या संगणकावर एकत्र साठविल्या जातात आणि ज्याच्याकडून इतर संगणक त्या मागवून घेतात, त्या संगणकास सर्व्हर म्हणतात. सर्व्हरची साधने, त्याचे वापरकर्ते व त्यावरील संचिका यांचे नियंत्रण करणारी मूलभूत आज्ञावली ही त्याची परिचालन प्रणाली होय. कोणत्या वापरकर्त्याने कोणती संचिका वाचावी, कोणी तीत बदल करावा व कोणास ती दिसूही नये, हे ठरविणे आणि त्याप्रमाणे व्यवहार होत आहे की नाही यावर लक्ष ठेवणे, हे प्रणाली प्रशासनाचे एक प्रमुख अंग आहे. संचिका सर्वांस खुली ठेवणे सोपे असते. ती सर्वांस बंद ठेवणेही सोपे असते. ठरावीक व्यक्तींस ठरावीक मर्यादेपर्यंतच ती खुली ठेवणे मात्र अवघड असते. कारण मागणी करणारी व्यक्ती खरोखर तीच आहे, यावर कशाच्या तरी आधारे विश्वास ठेवावा लागतो. हा विश्वास प्रथम एका केंद्रीय संगणकावर व त्याच्या प्रशासकावर, नंतर जाळ्यातील प्रत्येक संगणकावर आणि अखेरीस व्यक्तीने सादर केलेल्या पुराव्यावर ठेवण्यात आला. १९६१ पासूनचा या विषयाचा इतिहास म्हणजे मुख्यतः या स्थित्यंतराचा इतिहास होय. [⟶ संगणक].

पार्श्वभूमी : १९५० नंतरच्या दशकात संगणकावरील कामे गठ्ठ्यांनी केली जात. आज्ञावली लिहिणारी व्यक्ती छिद्रित पत्रांचा गठ्ठा संगणककक्षातील कर्मचाऱ्याच्या स्वाधीन करी आणि काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी छापील उत्तर घेऊन जाई. पत्रांचा गठ्ठा ज्याचा त्याच्याजवळच राहत असल्याने एकाची माहिती दुसऱ्याने पाहण्याचा प्रश्न सहसा उद्‌भवत नसे. कपाटास कुलूप लावले म्हणजे पुरत असे.

ही स्थिती कालविभाजन पद्धतीने बदलली. या पद्धतीत संगणकाचा वेळ अत्यल्प तुकड्यांत विभागून अनेक वापरकर्त्यांना आळीपाळीने दिला जातो व प्रत्येकास संगणक केवळ आपल्याच सेवेत असल्याचा भास होतो. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) या संस्थेत फेर्नांदो कॉर्बातो व त्यांचे सहकारी यांनी सीटीएसएस या अशा प्रणालीचे प्रात्यक्षिक नोव्हेंबर १९६१ मध्ये दाखविले. तीत सर्वांच्या संचिका एकाच यंत्राच्या सामायिक साठ्यात राहू लागल्या. त्यामुळे प्रत्येक वापरकर्त्यास परवलीचा शब्द देणे आवश्यक ठरले. संगणकावर परवलीचा शब्द वापरण्याच्या आद्य उदाहरणांत या प्रणालीची गणना होते.

हे कुलूप किती कच्चे होते, याचा प्रत्यय लवकरच आला. आपल्या वाट्यास आलेला संगणकवेळ अपुरा पडतो असे पाहून १९६२ मध्ये तेथील एका संशोधक विद्यार्थ्याने परवलीच्या शब्दांची संचिका छापण्याची मागणी नेहमीच्या छापकामाच्या मार्गाने केली व यंत्राने ती निमूटपणे पुरी केली. पुढे काही वर्षांनी याहून विलक्षण प्रकार घडला. दोन प्रशासक एकाच वेळी काम करीत होते. एक परवलीच्या शब्दांची संचिका सुधारीत होता, तर दुसरा सर्व वापरकर्त्यांस दाखवावयाचा दैनिक संदेश लिहीत होता. संपादन करणारी आज्ञावली तात्पुरत्या संचिकेस नेहमी एकच नाव देत असल्याने दोन्ही संचिकांची अदलाबदल झाली आणि संगणकाशी जोडणी करणाऱ्या प्रत्येकास दैनिक संदेशाऐवजी सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादीच छापून मिळू लागली. या प्रसंगात कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता. प्रशासकाचे साधन एका वेळी एकच व्यक्ती काम करील असे गृहीत धरून रचलेले होते व ते गृहीत चुकीचे ठरले. प्रशासकाच्या एका चुकीचे परिणाम सर्व वापरकर्त्यांस भोगावे लागतात, हा या क्षेत्रातील कायमचा धडा त्यातून मिळाला.

मल्टिक्स : एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक कंपनी व बेल प्रयोगशाळा यांनी १९६४ नंतर मल्टिक्स ही अधिक महत्त्वाकांक्षी प्रणाली हाती घेतली. तिच्या संचिकाव्यवस्थेचा आराखडा १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. संचिका वृक्षाप्रमाणे शाखोपशाखांत लावणे, निर्देशिकेत निर्देशिका ठेवणे आणि प्रत्येक संचिकेबरोबर तिचा वापर कोणी, कसा करावयाचा याची नामवार यादी जोडणे, या कल्पना त्यात मांडलेल्या होत्या. अशा यादीस प्रवेशाधिकार-सूची म्हणतात. काम लांबत गेल्याने बेल प्रयोगशाळा १९६९ मध्ये प्रकल्पातून बाहेर पडली. तथापि तेथील संशोधकांनी या कल्पनांपैकी काही सोप्या रूपात पुढे नेल्या.

युनिक्समधील अनुमतिव्यवस्था : बेल प्रयोगशाळेतील केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये पीडीपी-७ या लहान संगणकावर युनिक्स प्रणालीचा पाया घातला. १९७१ मध्ये ती पीडीपी-११ या संगणकावर आली व प्रयोगशाळेच्या पेटंट विभागात अर्ज तयार करण्यासाठी वापरली जाऊ लागली. १९७३ मध्ये ती सी या भाषेत पुन्हा लिहिली गेल्याने निरनिराळ्या यंत्रांवर नेणे सुकर झाले. विद्यापीठांना ती मूळ आज्ञावलीसह अल्प दरात मिळत असे. तिच्या प्रसाराचे हे एक मुख्य कारण होय.

युनिक्समध्ये प्रत्येक वापरकर्त्यास एक क्रमांक दिलेला असतो. संचिकेच्या नोंदीत तिच्या मालकाचा क्रमांक व अनुमतीची चिन्हे असतात. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वर्णनानुसार वाचन, लेखन व कार्यवाही या तीन अनुमती मालकासाठी एकदा व इतर सर्वांसाठी एकदा अशा नोंदविल्या जात. मालक आणि सर्व जग यांच्यामध्ये काहीच नसल्याने एकत्र काम करणाऱ्या चारपाच जणांची सोय होत नसे. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित वर्णनात मालक, गट व इतर असे तीन वर्ग आढळतात. हीच रचना पुढे रूढ झाली. वाचनास ४, लेखनास २ व कार्यवाहीस १ अशी मूल्ये धरून प्रत्येक वर्गाची बेरीज मांडली, की तीन अंकी संख्येत सर्व अनुमती व्यक्त होतात. उदा., महाविद्यालयातील गुणपत्रकाच्या संचिकेस ६४० ही संख्या दिली, तर मालक असलेला परीक्षाविभागप्रमुख ती वाचू व बदलू शकतो, त्याच्या गटातील प्राध्यापक ती केवळ वाचू शकतात आणि इतरांस ती उघडता येत नाही.

ही व्यवस्था लहान व सुबोध असली, तरी तीत काही बारकावे आहेत व नवा प्रशासक त्यांतच चुकतो. निर्देशिकेच्या बाबतीत कार्यवाहीची अनुमती म्हणजे तिच्यातून पुढे जाण्याची मुभा होय. तसेच संचिका नष्ट करणे हे संचिकेच्या नव्हे, तर ती जीत आहे त्या निर्देशिकेच्या लेखन-अनुमतीवर अवलंबून असते. त्यामुळे सर्वांस लिहिण्यास खुल्या असलेल्या निर्देशिकेत एकाची संचिका दुसरा वाचू शकत नसला, तरी काढून टाकू शकतो. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या १९८६ मधील आवृत्तीत अशा निर्देशिकेस एक विशेष चिन्ह लावून फक्त मालकासच आपली संचिका काढता येईल, अशी तजवीज करण्यात आली.

महावापरकर्ता : शून्य क्रमांकाचा वापरकर्ता या सर्व अनुमतींच्या पलीकडे असतो. त्यास रूट असे नाव आहे. तो कोणाचीही संचिका वाचू, बदलू किंवा पुसू शकतो. सर्वसाधारण वापरकर्त्यास काही मर्यादित कामांपुरता हा अधिकार उसना मिळावा, म्हणून रिची यांनी एक युक्ती योजिली. विशिष्ट चिन्ह लावलेली आज्ञावली ती चालविणाऱ्याच्या नव्हे, तर तिच्या मालकाच्या अधिकाराने चालते. आपला परवलीचा शब्द बदलणाऱ्या वापरकर्त्यास रूटच्या मालकीच्या संचिकेतील फक्त आपली ओळ बदलता येते, ती या युक्तीमुळेच. या युक्तीचे पेटंट १९७९ मध्ये मंजूर झाले व ते सार्वजनिक वापरासाठी खुले करण्यात आले. मात्र अशा आज्ञावलीत दोष राहिला, तर उसना अधिकार परत घेता येत नाही. पुढील काळातील अनेक घुसखोऱ्यांचे मूळ यातच होते.

एकच सर्वाधिकारी असण्यातील दुसरी अडचण अशी, की दोनचार प्रशासक एकच परवलीचा शब्द वापरू लागले म्हणजे कोणते काम कोणी केले हे उरत नाही. न्यूयॉर्क राज्यातील बफलो येथील विद्यापीठात १९८० च्या सुमारास लिहिलेल्या सुडू या आज्ञावलीने यावर उपाय सुचविला. कोणी कोणती आज्ञा रूटच्या अधिकाराने द्यावी याची यादी तिच्यासाठी करून ठेवता येते, प्रत्येकजण स्वतःचाच परवलीचा शब्द वापरतो आणि दिलेल्या आज्ञेची नोंद राहते. अधिकाराबरोबर उत्तरदायित्व आले, हे तिचे खरे महत्त्व होय.

परवलीच्या शब्दाचे संरक्षण : सीटीएसएसच्या अनुभवानंतर परवलीचे शब्द जसेच्या तसे साठविणे धोक्याचे आहे, हे उघड झाले होते. युनिक्समध्ये शब्दाचे एकदिश रूपांतर करून केवळ ते रूपांतर साठविण्याची रीत आली. रूपांतरावरून मूळ शब्द काढता येत नाही. वापरकर्त्याने दिलेल्या शब्दाचे तसेच रूपांतर करून दोहोंची तुलना केली जाते. रॉबर्ट मॉरिस व टॉम्पसन यांनी १९७९ मध्ये या पद्धतीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांनी तपासलेल्या ३,२८९ शब्दांपैकी २,८३१, म्हणजे सु. ८६ टक्के शब्द एक तर फार आखूड होते किंवा शब्दकोशात व नावांच्या याद्यांत सापडणारे होते. घुसखोर रूपांतर उलटे न सोडविता संभाव्य शब्दांची यादीच एकामागून एक पडताळून पाहील, हे ओळखून त्यांनी दोन उपाय योजिले. रूपांतराची क्रिया पंचवीस वेळा करून ती मुद्दाम संथ केली आणि प्रत्येक शब्दात ४,०९६ पैकी एक यादृच्छिक संख्या मिसळली. त्यामुळे दोघांनी एकच शब्द निवडला, तरी त्यांची रूपांतरे सहसा निराळी दिसतात. ही रूपांतरे असलेली संचिका दीर्घकाळ सर्वांस वाचता येत असे. संगणकांचा वेग वाढल्यावर ते धोक्याचे ठरून १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ती केवळ रूटला दिसणाऱ्या स्वतंत्र संचिकेत हलविण्यात आली.

प्रशासकाची नित्य कामे : नव्या वापरकर्त्यांची नोंद करणे व सोडून गेलेल्यांची नोंद बंद करणे, गट ठरविणे, अनुमती तपासणे, प्रत्येकाच्या वाट्याची साठवणमर्यादा आखणे, यंत्राच्या नोंदवह्या पाहणे, सदोष आज्ञावल्यांच्या जागी सुधारित आवृत्त्या बसविणे आणि राखीव प्रती घेणे, ही प्रशासकाची नित्य कामे होत. यांतील शेवटचे काम सर्वांत कंटाळवाणे व सर्वांत महत्त्वाचे समजले जाते. सर्व संचिकांची संपूर्ण प्रत काही अंतराने आणि मधल्या काळात केवळ बदललेल्या संचिकांची प्रत, अशी पद्धत रूढ आहे. संचिका एकत्र बांधून चुंबकीय फितीवर उतरविणारी टार ही आज्ञावली १९७९ मधील युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत आली व तिने बांधलेले गठ्ठे आजही प्रचारात आहेत. राखीव प्रत घेतली एवढे पुरत नाही. तिच्यातून संचिका परत मिळते की नाही, हे वेळोवेळी पडताळावे लागते. अनुमती कितीही काटेकोर असल्या, तरी साठवण-तबकडी बिघडल्यास त्यांचा काही उपयोग होत नाही.

जाळ्यावरील सामायिक संचिका : १९८० नंतर एका मोठ्या यंत्राऐवजी प्रत्येकाच्या टेबलावर स्वतंत्र संगणक येऊ लागला आणि एके ठिकाणी असलेल्या संचिका विखुरल्या. बर्कली येथील १९८३ च्या युनिक्स आवृत्तीत जाळ्यावरील संदेशवहनाची सोय अंतर्भूत होती. तीत एका संगणकावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी वा संचिका नेण्यासाठी ज्या आज्ञा होत्या, त्या विश्वासू संगणकांच्या यादीवर विसंबून असत. यादीतील संगणकाने ‘हा अमुक वापरकर्ता आहे’ असे सांगितले, की दुसरा संगणक परवलीचा शब्द न विचारता ते मान्य करी. अशा रीतीने विश्वास व्यक्तीकडून यंत्राकडे सरकला.

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ च्या सुमारास विकसित केलेली व १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेली एनएफएस ही जाल-संचिकाव्यवस्था या काळातील सर्वांत प्रभावी ठरली. युनिक्समध्ये नवी तबकडी जोडताना तिच्यावरील वृक्ष मूळ वृक्षाच्या एखाद्या फांदीवर कलम केल्यासारखा बसवीत. एनएफएसने हीच क्रिया दूरच्या संगणकावरील निर्देशिकेस लागू केली. प्रशासकाने कोणत्या निर्देशिका कोणत्या संगणकांना द्यावयाच्या याची यादी सर्व्हरवर लिहावयाची व ग्राहक-संगणकाने त्या आपल्या वृक्षास जोडावयाच्या, एवढेच काम असे. वापरकर्त्यास आपली संचिका जवळ आहे की दूर, हे कळतही नसे. ग्राहकांविषयी कोणतीही स्मृती सर्व्हर ठेवीत नसल्याने तो बंद पडून पुन्हा सुरू झाला, तरी ग्राहक तीच मागणी पुनःपुन्हा करीत राहून काम पुढे चालू करी. कंपनीने या व्यवस्थेचे नियम खुले केल्याने इतर उत्पादकांनीही ती स्वीकारली.

तिची उणीव विश्वासाच्या बाबतीत होती. ग्राहक-संगणक मागणीबरोबर वापरकर्त्याचा क्रमांक पाठवी व सर्व्हर तो खरा मानी. स्वतःच्या यंत्रावर रूट असलेल्या कोणाही व्यक्तीस दुसऱ्याचा क्रमांक धारण करता येई. दूरच्या रूटला सर्व्हरवर अधिकारहीन ‘कोणीही नाही’ या नावाखाली ढकलण्याची तरतूद करण्यात आली. परंतु तीमुळे रूटच्या संचिका वाचल्या, तरी इतर व्यक्तींच्या वाचत नसत.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला स्वयंप्रसारी ‘कृमी’ हा या विश्वासाची कसोटी पाहणारा प्रसंग होता. इतर दोषांबरोबरच विश्वासू संगणकांच्या याद्या व सोपे परवलीचे शब्द यांचा फायदा घेऊन तो एका यंत्रावरून दुसऱ्यावर पसरला. बाधित यंत्रांची संख्या त्या वेळी सु. ६,००० अंदाजण्यात आली. परवलीच्या शब्दांवरील १९७९ च्या वृत्तांताचे एक लेखक रॉबर्ट मॉरिस हे या विद्यार्थ्याचे वडील होत. वडिलांनी ज्या दुबळेपणाकडे लक्ष वेधले होते, तोच नऊ वर्षांनंतरही बहुसंख्य यंत्रांवर शिल्लक होता. विद्यार्थ्यास १९९० मध्ये दोषी ठरविण्यात आले. या घटनेनंतर लगेच कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणक-आपत्तींच्या निवारणासाठी समन्वय केंद्र स्थापन झाले.

व्यक्तीची ओळख पटविण्याचा निराळा मार्ग दोन विद्यापीठांत तयार होत होता. एमआयटीच्या अथीना प्रकल्पात (१९८३–९१) केर्बेरॉस ही पद्धत विकसित झाली. तीत जाळ्यातील कोणतेही यंत्र विश्वासार्ह नाही असे धरून चालतात. वापरकर्ता एका स्वतंत्र ओळख-सर्व्हरकडून मर्यादित मुदतीचे गूढलिखित तिकीट घेतो व ते संचिका-सर्व्हरला दाखवितो. परवलीचा शब्द जाळ्यावरून जातच नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठ व आयबीएम यांच्या अँड्र्यू प्रकल्पातील एएफएस या संचिकाव्यवस्थेत अशाच तिकिटांचा उपयोग करण्यात आला. मद्रास येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेचे पदवीधर महादेव सत्यनारायणन यांचा तिच्या विकासात प्रमुख वाटा होता. तीत निर्देशिकांना मल्टिक्सच्या धर्तीची प्रवेशाधिकार-सूची असे व वाचणे, शोधणे, घालणे, काढणे, लिहिणे, कुलूपबंद करणे व अधिकार बदलणे असे सात अधिकार स्वतंत्रपणे देता येत. ते देण्यासाठी प्रशासकाकडे जाण्याची गरज नसे. निर्देशिकेचा मालक स्वतःच ते देई.

व्यक्तिगत संगणक व कार्यालयीन सर्व्हर : कार्यालयांतील व्यक्तिगत संगणकांवर प्रारंभी वापरकर्ता ही कल्पनाच नव्हती, जो यंत्रापुढे बसेल तो मालक. अमेरिकेतील नॉव्हेल कंपनीच्या १९८३ मधील नेटवेअर या प्रणालीने अशा संगणकांसाठी संचिका-सर्व्हर उपलब्ध केला. तिच्या १९८९ मधील तिसऱ्या आवृत्तीत आठ प्रकारचे अधिकार होते व ते वरच्या निर्देशिकेतून खालच्या निर्देशिकांत उतरत. मधेच गाळणी लावून त्यांना अडविताही येई. कार्यालयातील श्रेणीबद्ध दप्तराशी ही रचना जुळणारी असल्याने ती लोकप्रिय झाली.

आयबीएममध्ये १९८० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात तयार झालेला व मायक्रोसॉफ्टने पुढे वाढविलेला एसएमबी हा नियमसंच दुसऱ्या दिशेने गेला. १९९२ मधील विंडोज फॉर वर्कग्रुप्समुळे कोणाही कर्मचाऱ्यास आपल्या संगणकावरील निर्देशिका सहकाऱ्यांस खुली करता येऊ लागली. प्रशासनाचा अधिकार असा वाटला गेला, तरी प्रशासनाचे ज्ञान वाटले गेले नाही. परवलीचा शब्द न घालता खुल्या केलेल्या निर्देशिका सर्रास आढळू लागल्या. १९९३ मध्ये आलेल्या विंडोज एनटीने खरी वापरकर्ता-व्यवस्था, प्रवेशाधिकार-सूची व डोमेन, म्हणजे एकाच ओळखनोंदीखाली येणारा संगणकसमूह, या कल्पना आणल्या. तीत सामायिक निर्देशिकेची अनुमती आणि संचिकेची अनुमती अशा दोन चाळण्या असतात व दोहोंतील जी अधिक कडक ती लागू होते. २००० मध्ये विंडोजच्या सर्व्हर प्रणालीनेही केर्बेरॉस पद्धत स्वीकारली.

सांबा : युनिक्स व विंडोज या दोन जगांतील दुवा ऑस्ट्रेलियात निर्माण झाला. कॅनबरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील विद्यार्थी अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१ च्या अखेरीस व १९९२ च्या प्रारंभी, जाळ्यावरून जाणाऱ्या संदेशांचे निरीक्षण करून, एसएमबीची भाषा बोलणारा सर्व्हर युनिक्सवर तयार केला. पूर्वीचे नाव दुसऱ्या कंपनीच्या हक्कात येत असल्याने त्यांनी शब्दसंग्रहात स, म, ब हे वर्ण क्रमाने येणारे शब्द संगणकाकरवी शोधले व त्यांतून सांबा हे नाव १९९४ मध्ये निवडले. ही आज्ञावली मूळ संहितेसह विनामूल्य मिळत असल्याने आणि १९९१ मध्येच लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी लिनक्सचा प्रारंभ केलेला असल्याने, एखादा जुना संगणक व सांबाची एक विन्यास-संचिका एवढ्यावर शाळा, प्रयोगशाळा व लहान कार्यालये यांचा सामायिक सर्व्हर उभा राहू लागला.

नियम गुप्त ठेवण्याचा प्रश्न पुढे न्यायालयापर्यंत गेला. यूरोपीय आयोगाने मार्च २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला सु. ४९.७ कोटी यूरो दंड केला व इतरांच्या सर्व्हरना विंडोजशी व्यवहार करता यावा यासाठी आवश्यक ती माहिती उघड करण्याचा आदेश दिला. सप्टेंबर २००७ मध्ये न्यायालयाने हा निर्णय मुख्यतः कायम केला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये सांबाच्या विकासकांना करारान्वये ती माहिती मिळाली. संचिका ज्याच्या मालकीची आहे, त्यास ती कोणत्याही उत्पादकाच्या यंत्रावरून उघडता यावी, हा मुद्दा त्यामुळे मान्यता पावला.

नियमांत सुधारणा : एनएफएसच्या नियमांचा विकास सनकडून आंतरजालाच्या मानक-मंडळाकडे गेल्यावर २००० मध्ये चौथी आवृत्ती प्रसिद्ध झाली व २००३ मध्ये ती सुधारण्यात आली. तीत केर्बेरॉसवर आधारित ओळख व प्रवेशाधिकार-सूची यांचा समावेश झाला आणि मालकाच्या क्रमांकाऐवजी त्याचे नाव व त्याचे क्षेत्र पाठविण्याची पद्धत आली. यंत्राने सांगितलेल्या क्रमांकावर विश्वास ठेवण्याचे पर्व तत्त्वतः संपले; व्यवहारात मात्र सोयीसाठी जुनी रीत अनेक ठिकाणी चालू राहिली.

देवनागरी संचिकानामे : सामायिक वापरात संचिकेचे नाव सर्व यंत्रांना सारखेच वाचता येणे आवश्यक असते. प्रारंभीच्या प्रणालींत ही नावे रोमन अक्षरांपुरती मर्यादित होती. सप्टेंबर १९९२ मध्ये टॉम्पसन व रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ही युनिकोड-लेखनाची पद्धत योजिली. युनिक्समध्ये तिरकी रेषा निर्देशिकांची नावे वेगळी करते व शून्य-बाइट नावाचा शेवट दर्शवितो. नव्या पद्धतीत ही दोन्ही चिन्हे अन्य लिपींतील अक्षरांच्या संकेतांत कधीही येणार नाहीत, अशी रचना करण्यात आली. त्यामुळे परिचालन प्रणालीच्या गाभ्यात फेरफार न करता मराठीसह जगातील बहुतेक लिपींत नावे देता येऊ लागली. या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. म्हणून लिनक्सच्या प्रचलित संचिकाव्यवस्थांतील २५५ बाइटांच्या मर्यादेत स्वर, व्यंजने, मात्रा व हलन्त चिन्हे धरून अधिकाधिक ८५ देवनागरी चिन्हांचे नाव बसते.

अलीकडील आघात : १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय ही खंडणीखोर आज्ञावली एसएमबीच्या जुन्या आवृत्तीतील दोषाचा फायदा घेऊन सु. १५० देशांत पसरली. ती संचिका गूढलिखित करून त्या सोडविण्यासाठी पैसे मागे. इंग्लंडमधील अनेक रुग्णालयांचे काम त्यामुळे खोळंबले. या दोषावरील सुधारणा मायक्रोसॉफ्टने मार्च महिन्यातच उपलब्ध केली होती. ज्यांनी ती बसविली त्यांना हा मार्ग बंद होता.

२७ जून २०१७ रोजीच्या नॉटपेट्या या हल्ल्याचा प्रसार याहून अधिक बोधप्रद होता. युक्रेनमध्ये वापरल्या जाणाऱ्या एका लेखा-आज्ञावलीच्या अद्ययावतीकरणातून ती आत शिरली. एसएमबीमधील त्याच दोषाबरोबर ती बाधित यंत्राच्या स्मृतीतून प्रशासकांची ओळख चोरी व त्या अधिकाराने, प्रशासकांच्याच नेहमीच्या साधनांनी, शेजारच्या यंत्रांवर जाई. त्यामुळे ज्यांवर सुधारणा बसविली होती अशी यंत्रेही सापडली. डॅनिश मर्स्क समूहाचे जगभरातील व्यवहार कोलमडले आणि न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील या समूहाच्या धक्क्यावरील कंटेनर-हाताळणीही विस्कळीत झाली. प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार समूहाच्या ओळखनोंदी सांभाळणारे सर्व्हर एकामागून एक नष्ट झाले; घानामधील एक सर्व्हर वीज गेल्यामुळे जाळ्यापासून तुटलेला होता म्हणून तेवढा वाचला व त्यावरील नोंदींतून पुन्हा उभारणी करता आली. या नोंदींच्या प्रती एकमेकींशी जुळत्या ठेवणारे अनेक सर्व्हर होते. परंतु ते सर्व एकाच जाळ्यात असल्याने त्यांचा राखीव प्रत म्हणून उपयोग झाला नाही.

मूल्यमापन : वृक्षरचना, मालक व गट, प्रवेशाधिकार-सूची, मर्यादित मुदतीची तिकिटे व आज्ञांची नोंदवही ही या क्षेत्रातील मूळ साधने १९६५ ते १९९० या पंचवीस वर्षांत तयार झाली. दूरस्थ साठवणसेवांच्या काळातही तीच निराळ्या नावांनी वापरात आहेत. ‘दुवा मिळालेल्या कोणासही खुली’ ही आजची सोय म्हणजे ‘इतर’ या वर्गास दिलेली वाचन-अनुमतीच होय. आघातांचे स्वरूप पाहिले, तर साधनांच्या अभावापेक्षा ती वापरण्यातील हयगयच अधिक वेळा नडल्याचे दिसते. सोपा शब्द, बंद न केलेली जुनी नोंद, न बसविलेली सुधारणा, गरजेहून अधिक दिलेला अधिकार व न पडताळलेली राखीव प्रत ही त्याची नेहमीची रूपे होत. म्हणून कोणासही कामास लागेल तेवढाच आणि लागेल तेवढ्याच काळापुरता अधिकार द्यावा, हे तत्त्व आता सर्वमान्य आहे आणि ते सर्वप्रथम स्वतः प्रशासकास लागू पडते. ज्याच्या हाती सर्वांच्या संचिका उघडण्याची सत्ता आहे, त्याने ती क्वचित व नोंद ठेवूनच वापरावी, यावर सामायिक सर्व्हरची उपयुक्तता अखेर अवलंबून असते.